सीआरटी-डी, आयसीडी की नुसत्या गोळ्या? काटोलच्या बाबांसाठी जरा लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ६१ वर्षांचे, काटोलजवळ संत्र्याची बाग, दोन वर्षांआधी हार्ट अटॅक आला, नागपुरात स्टेंट टाकला, आता इकोमधे ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) २५ आणि ईसीजीवर एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूची करंटची वायर बंद) लिहून आलंय. तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या, एक म्हणे सीआरटी-डी (पंपाला मदत करणारी आणि शॉकही देणारी मशीन) लावा, दुसरे म्हणे नुसती आयसीडी (गरज पडली की शॉक देणारी मशीन) पुरे, तिसरे म्हणे आधी गोळ्या वाढवू मग पाहू. पैशाची चिंता आहेच. आणि बाबांचं म्हणणं एकच, "मले ते करंट मारणारी मशीन नाई लावाची."

भाऊ, मी नागपुरातच हे काम करतो, मशीन बसवायच्या आणि मग वर्षानुवर्षं त्या तपासत राहायचं. तुमच्या तिन्ही डॉक्टरांपैकी कोणी खोटं बोलून नाही राहिलं. पण तिघांनी कदाचित तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली असतील, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

अटॅकनंतर हृदयाचा काही भाग मेला की दोन भानगडी होतात आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे पंप कमजोर पडते, ईएफ खाली येते (नॉर्मल साधारण ५५ च्या वर), दम लागते, पाय सुजतात, रात्री उशा लावून बसावं लागते. दुसरी म्हणजे त्या मेलेल्या भागाच्या कडेने करंट गोल गोल फिरायला लागते आणि ठोके अचानक खूप वाढतात, कधी २०० च्याही वर जातात, त्याला व्हीटी म्हणतात, ते बिघडून व्हीएफ झालं की हृदय नुसतं थरथरते, पंप बंद, आणि माणूस काही मिनिटांत जाते. "काल संध्याकाळी चांगला बोलत होता, सकाळी उठलाच नाही" असं आपण ऐकतो ना, त्यातले बरेच हे असतात. आयसीडी फक्त या दुसऱ्या भानगडीसाठी आहे. दम कमी करणं, ईएफ वाढवणं हे तिचं कामच नाही. मशीन लावून तीन महिने झाले तरी बाबांना काहीच फरक नाही, पैसे पाण्यात गेले, असं म्हणत येणारे नातेवाईक मला दर आठवड्याला भेटतात, कारण लावायच्या आधी त्यांना हे कोणी नीट सांगितलेलंच नसते. सीआरटीचं काम वेगळं, ती पहिल्या भानगडीवर इलाज करते. आणि सीआरटी-डी म्हणजे दोन्ही एकाच डबीत.

आता आयसीडी कोणाला लागते ते. १९८० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला मिरोव्स्की नावाच्या डॉक्टरांच्या टीमने माणसाला पहिल्यांदा असली मशीन लावली, तेव्हा छाती उघडून हृदयावर पॅच लावायचे आणि मशीन पोटात ठेवायचे. मिरोव्स्कींचे स्वतःचे वरिष्ठ अशाच व्हीटीने गेले होते, त्यातून तो माणूस या मागे लागला आणि त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याला येड्यात काढलं होतं. सुरुवातीला ज्यांचं हृदय एकदा बंद पडून वाचलं त्यांनाच लावत. मग २००२ मधे मॅडिट-टू नावाचा अभ्यास आला, १२३२ पेशंट, सगळ्यांना जुना अटॅक आणि ईएफ ३० किंवा खाली, म्हणजे अगदी तुमच्या बाबांसारखे. साधारण २० महिन्यांत नुसत्या औषधांवरचे शंभरातले २० गेले, मशीनवाल्यांतले १४. हा आकडा मी मुद्दाम असाच सांगतो. मशीन लावली की मरण टळलं असं नाही, आणि काहीच फायदा नाही असंही नाही, शंभरातले पाच-सहा जण दीड-दोन वर्षांत वाचतात आणि पुढच्या वर्षांत तो फरक वाढत जाते. २००५ च्या स्कड-हेफ्ट नावाच्या अभ्यासात ईएफ ३५ पर्यंतचे लोक घेतले, तिथेही मशीनने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले, आणि मजा म्हणजे अमियोडॅरोन (ठोके ताब्यात ठेवायची) गोळी आणि साधी साखरेची गोळी यांत मृत्यूच्या बाबतीत काहीच फरक निघाला नाही. म्हणून कोणी "मशीनऐवजी अमियोडॅरोन चालू ठेवू" म्हणत असेल तर तो पर्याय होत नाही. त्या गोळीचे उपयोग आहेत, पण हा नाही.

मग तिसरे डॉक्टर चुकले काय? नाही ना. नियम असा आहे की अटॅकनंतर ४० दिवस आणि स्टेंट किंवा बायपासनंतर ९० दिवस थांबायचं, आणि हार्ट फेल्युअरच्या गोळ्या पूर्ण मात्रेत कमीत कमी तीन महिने द्यायच्या, मग परत इको करायचा आणि तरी ईएफ ३५ च्या वर गेलं नाही तर मशीन. बाबांचे ४० आणि ९० दिवस कधीच होऊन गेले. पण गोळ्यांचं काय? आजकाल चार औषधं लागतात, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, बीटा ब्लॉकर म्हणजे मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची शुगरची गोळी आहे पण शुगर नसली तरी द्यायची असते, केमिस्टने "ही शुगरची आहे, तुम्हाला काहून दिली" म्हटलं म्हणून बंद करणारे किती तरी पाहिले. गावाकडून येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत बहुतेक वेळा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतात, कोलेस्टेरॉलची असते, गॅसची तर असतेच असते, पण या चारपैकी दोनच आणि त्याही सुरुवातीच्या डोसवर. अशा माणसाचं ईएफ चारही गोळ्या नीट दिल्यावर २५ वरून ३८-४० वर गेलेलं मी पाहिलंय, त्याला मग मशीन लागत नाही. सगळ्यांचं नाही जात, आणि जुन्या अटॅकचा डाग मोठा असेल तर कमीच जाते. पण तिसऱ्या डॉक्टरांचा विचार हाच असावा आणि तो रास्त आहे.

आता एलबीबीबी. हृदयाच्या डाव्या कप्प्याला करंट नेणारी मुख्य वायर बंद, त्यामुळे मधली भिंत आधी आकुंचन पावते आणि बाहेरची भिंत मागाहून. बैलजोडीतला एक बैल आधी ओढते आणि दुसरा तो थांबल्यावर ओढते, तर वखर कुठं सरळ जाईल. सीआरटीमधे तिसरी वायर हृदयाच्या शिरेतून डाव्या भिंतीवर बाहेरून नेतात आणि दोन्ही भिंतींना एकाच वेळी ठोका देतात. हे कोणाला लागू पडेल ते ईसीजीवरच्या क्यूआरएसच्या (प्रत्येक ठोक्याची ती उंच टोकदार रेघ) रुंदीवर ठरते. एलबीबीबी आणि १५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर फायदा व्हायची शक्यता चांगली, १३० ते १५० मधे विचार करून, १३० च्या खाली लावायचीच नाही, उलट नुकसान होते. तरीही साधारण तीनातल्या एकाला म्हणावा तसा फरक पडत नाही, हे आधीच ऐकून ठेवा. ज्यांना पडते त्यांचं मात्र पाहण्यासारखं असते, जिना न चढणारा माणूस दोन-तीन महिन्यांत स्वतः चालत ओपीडीत येते.

पैशाचा प्रश्न तुम्ही लिहिलाय म्हणून एक गोष्ट जरा जास्त सांगतो, ही सहसा कोणी उघडून बोलत नाही. २००५ च्या केअर-एचएफ अभ्यासात ८१३ पेशंट होते आणि त्यात लावली ती नुसती सीआरटी-पी, म्हणजे शॉक न देणारी. तरी साधारण अडीच वर्षांत औषधवाल्यांतले ३० टक्के गेले आणि सीआरटीवाल्यांतले २० टक्के. म्हणजे एलबीबीबी रुंद असेल आणि सीआरटी-डी बजेटच्या बाहेर असेल तर सीआरटी-पी हा काही कमअस्सल इलाज नाही. अजून एक नवीन पद्धत आलीये, लेफ्ट बंडल पेसिंग, त्यात वायर मधल्या भिंतीत खोल रुतवून बंद पडलेल्या वायरच्या पुढे जाऊन करंट देतात, साध्या पेसमेकरच्या मशीनवर होते म्हणून खर्च बराच वाचते, आपल्या देशात ती भराभर वाढून राहिली. पण बाबांना जुन्या अटॅकचा डाग आहे, म्हणजे व्हीटीची भीती खरी आहे, आणि या दोन्हीत शॉकची सोय नाही. वय ६१, बाकी तब्येत बरी, तर पैसे जमत असतील तर माझा कल 'डी' कडेच राहील. ८० वर्षांचे, किडनी गेलेली, अंथरुणाला खिळलेले असते तर मी स्वतः 'डी' नको म्हटलं असतं.

आणि क्यूआरएस १२० च असेल, कोणीतरी उगाच एलबीबीबी लिहिलं असेल (ईसीजी मशीनचा छापील रिपोर्ट असं खूपदा लिहिते), तर मग दुसरे डॉक्टर बरोबर, नुसती आयसीडी.

योजनांचं सांगतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. कोणती मशीन कोणत्या पॅकेजमधे बसते ते हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड, आधार आणि इकोचा रिपोर्ट दाखवून आधीच विचारा, अॅडमिट झाल्यावर नाही. मेडिकलचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) सुपर स्पेशालिटी आणि मिहानमधलं एम्स इथंही चौकशी करा. धंतोली-रामदासपेठेतली जी हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत त्यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी फुकट आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, तो अर्ज वेगळा असते, समाजसेवा विभागात मिळते. मशीन स्वतः महाग असल्यामुळे काही ठिकाणी तिचे पैसे वेगळे मागतात, ते लेखी विचारून घ्या.

आता बाबांच्या "करंट"बद्दल, कारण माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

मशीन दिवसभर करंट मारत नाही. बहुतेक लोकांना वर्षानुवर्षं एकही शॉक बसत नाही, ती नुसती पाहत बसलेली असते. व्हीटी सुरू झाली तर आधी ती ठोक्यांपेक्षा थोड्या जास्त स्पीडने आठ-दहा ठोके स्वतः देते आणि तेवढ्याने बऱ्याचदा व्हीटी तुटते, पेशंटला पत्ताही लागत नाही, आम्हाला नंतर प्रिंटआउटवर दिसते. तेवढ्याने नाही जमलं किंवा व्हीएफच असेल तर मशीन चार्ज होते, त्याला काही सेकंद लागतात, आणि ३५-४० ज्यूलचा शॉक देते. व्हीएफमधे तोवर माणूस बेशुद्ध झालेला असते, म्हणून त्याला तो शॉक कळतच नाही, उठते आणि विचारते काय झालं. शुद्धीत बसला तर मात्र छातीत जोराचा दणका बसते, दुखते, मी नाही म्हणणार नाही, पण लगेच संपते. त्या वेळी नातू मांडीवर असला तरी त्याला फार तर झिणझिणी येईल, इजा होत नाही, हे बाबांना नक्की सांगा, खूप आजोबा लोक या भीतीने नातवाला जवळ घेत नाहीत.

घाबरायचं असेल तर चुकीच्या शॉकला, म्हणजे व्हीटी नसताना बसलेला. आधी हे जास्त व्हायचं. २०१२ च्या मॅडिट-रिट अभ्यासाने दाखवलं की मशीनला २०० च्या खालच्या ठोक्यांवर हात टाकू न देता थोडं थांबायला शिकवलं तर चुकीचे शॉक एकदम कमी होतात आणि मृत्यूही कमी होतात. म्हणून लावणाऱ्याला सरळ विचारा, "सर, सेटिंग किती ठोक्यांवर ठेवणार?" एवढं विचारलं तर कोणी चिडायचं कारण नाही.

आणि शेतकऱ्यांसाठी तर एक वेगळंच कारण आहे. सावनेरकडचे एक काका आले होते, चार दिवसांत तीन शॉक, तिन्ही वेळा पूर्ण शुद्धीत, घरचे एवढे घाबरलेले की मशीन काढूनच टाका म्हणत होते. आम्ही प्रोग्रामरचं (मशीन तपासायच्या कॉम्प्युटरचं) हेड छातीवर ठेवलं, रेकॉर्ड काढलं. त्यात काकांचे स्वतःचे ठोके मस्त ८० च्या स्पीडने चाललेले दिसत होते आणि त्यांच्यावर बारीक बारीक दातेरी रेघ, एकदम सारख्या अंतराने, सेकंदाला पन्नास. ही रेघ हृदयाची असूच शकत नाही, ही घरच्या लाइटची आहे. मशीनला ते व्हीएफ वाटलं. मग टेक्निशियनने टाइम पाहिला, तिन्ही शॉक सकाळी सहा ते सातमधले. विचारलं काका सकाळी काय करता, तर म्हणे आंघोळ. गिझरला अर्थिंगच नव्हतं, थ्री-पिनचा वरचा पिन काढून टूपिनच्या सॉकेटमधे घातलेला. लीकेज इतकं थोडं की बाकी घरच्यांना कधी जाणवलं नाही, पण ओल्या अंगातून तेवढा करंट मशीनच्या वायरला पुरला. अर्थिंग करून घेतलं, ईएलसीबी (लीकेज झालं की लाइट तोडणारा स्विच) बसवला, त्यानंतर एकही शॉक नाही. म्हणून मशीन लावायच्या आधीच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन बोलावून गिझर, वॉशिंग मशीन, कूलर (नागपूरचा पत्र्याचा कूलर तर खास) आणि विहिरीवरची मोटर यांचं अर्थिंग तपासून घ्या. हा खर्च त्या मशीनपुढे काहीच नाही.

बागेला रानडुकरांसाठी झटका मशीनचं कुंपण असेल तर बाबांनी त्या तारेला हात लावायचा नाही, दुरुस्ती करायची तर आधी बंद करून आणि शक्यतो दुसऱ्याने. मोटरचा स्टार्टर दाबायला हरकत नाही, हातभर अंतर ठेवून दाबायचा, पॅनलला टेकून उभं राहायचं नाही. वेल्डिंग नकोच. चालू ट्रॅक्टरच्या इंजिनवर छाती टेकून वाकायचं नाही. आणि पाठीवरचा फवारणीचा पंप, त्याचा डावा पट्टा बरोबर मशीनच्या जागेवर येते, घासून घासून कातडी पातळ होते, ते काम आता गड्याला द्या.

शॉक बसलाच तर: एक बसला आणि नंतर बरं वाटून राहिलं तर धावपळ नाही, फोन करा आणि एक-दोन दिवसांत मशीन दाखवा. एकामागे एक दोन-तीन बसले, किंवा एक बसून दम, छातीत दुखणं, चक्कर असेल तर थांबायचं नाही, गाडी काढायची आणि थेट जिथे कॅथलॅब (अँजिओग्राफी करतात ती सोय) आहे तिथे, बाबांनी स्वतः गाडी चालवायची नाही.

ऑपरेशनबद्दल फार लिहित नाही. जागा बधिर करून होते, डाव्या हसळीखाली दोन-अडीच इंचांचा काप, शिरेतून वायरी, आयसीडीला तास-दीड तास, सीआरटीला जास्त. महिना-दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पण हात गळ्यात बांधून अगदी हलवायचाच नाही असंही करू नका, खांदा आखडते. एक गोष्ट मात्र कोरून ठेवा. जागा लाल झाली, फुगली, पाणी आलं, तर गावच्या डॉक्टरकडून तिथे सुई टोचून पाणी काढून घ्यायचं नाही आणि नुसत्या अँटिबायोटिकवर आठवडे काढायचे नाही. मशीनला इन्फेक्शन झालं तर बहुतेक वेळा सगळं काढावं लागते, आणि जितका उशीर तितकं अवघड.

लावल्यावर गोळ्या बंद करायच्या नाहीत. सगळ्यात जास्त बिघडलेले पेशंट मी असेच पाहिलेत, "मशीन आहे ना आता" म्हणून. आपल्याकडे उन्हाळा हा वेगळा विषय आहे, मे महिन्यात पारा ४५ वर, त्यात लघवीच्या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिन, वरून एखाद दिवस जुलाब-उलट्या, की अंगातलं पाणी आणि पोटॅशियम घसरते आणि मग व्हीटी. त्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं ते फोनवर डॉक्टरला विचारा, मनाने काही करू नका. उलटं पण आहे, स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना घरची बाग म्हणून रोज दोन-तीन ग्लास संत्र्याचा रस घेतला तर पोटॅशियम वर चढते, तेही वाईटच. एखादं संत्रं खा, चालते, रसाचा जग नको. दर काही महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम तपासायचं. सावजी मटणाचं काय हे विचारूच नका, मिठाचा हिशोब तिथेच संपते.

मोबाइल वापरा पण डाव्या खिशात ठेवायचा नाही, एक वीतभर दूर ठेवायचा, चुंबकवाले कव्हर आणि चार्जर तर नक्कीच दूर, कारण मशीनवर चुंबक आलं की तेवढा वेळ शॉक द्यायचं काम बंद राहते. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. मेट्रो स्टेशनवर, एअरपोर्टवर मशीनचं कार्ड दाखवा, चौकटीतून सरळ निघून जा, हातातलं डिटेक्टर छातीवर फिरवू देऊ नका. एमआरआय कधीतरी लागू शकते म्हणून मशीन आणि वायरी दोन्ही एमआरआय चालणाऱ्याच घ्या. बॅटरी आयसीडीची आठ-दहा वर्षं, सीआरटी-डीची त्याहून कमी, संपली की डबी बदलतात, वायरी बहुतेक त्याच राहतात, तो खर्च पुढे आहे हे धरून चाला.

हे वाचायला बरं नाही वाटणार पण घरच्या मोठ्या मुलाला माहीत असावं: पुढे कधी कॅन्सरसारखं काही होऊन शेवटचे दिवस आले तर शॉक प्रोग्रामरने बंद करता येतात, दुखत नाही, ऑपरेशन नाही, आणि ते मागायचा हक्क आहे. आणि दहन करायच्या आधी मशीन काढून घ्यावी लागते, आगीत बॅटरी फुटते.

आता मला दोन गोष्टी पाठवा. ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात क्यूआरएस ड्युरेशन लिहिलेलं असते, त्याचा नीट फोटो, घडी पडलेला नको. आणि सगळ्या गोळ्यांच्या पत्त्यांचे फोटो, नाव आणि एमजी दिसेल असे, सोबत कोणती कधीपासून चालू आहे ते. चारही गोळ्या आताच सुरू झाल्या असतील तर तीन महिने थांबू, परत इको करू.

पण एक तुम्ही लिहिलंच नाही. बाबा या दोन वर्षांत कधी अचानक डोळ्यापुढे अंधारी येऊन पडले काय, बागेत, बाथरूममधे, बसल्या जागी? आईला विचारा, ते स्वतः सांगणार नाहीत. पडले असतील तर हे तीन महिने थांबायचं वगैरे विसरा आणि उद्याच नागपूरला घेऊन या.